लाईट गेली तरी वाजेल अशी गिटार

तुमच्या गावात एखादी बाई पारावर उभी राहून गात असताना कुणीतरी मुद्दाम लाईट घालवली, तर तुम्ही काय करता? खरं सांगा. मी जे पाहिलंय ते सांगते. निम्मे लोक उठून चपला शोधायला लागतात. उरलेल्यांपैकी बरेच जण मोबाईलचा टॉर्च लावतात आणि थेट त्या बाईच्या तोंडावर मारतात. मदत म्हणूनही मारत असतील. पण त्या उजेडात तिला समोरचं काहीच दिसत नाही, आणि ती मात्र सगळ्यांना दिसते.

गेल्या वर्षी पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात हे असंच झालं. आमचं चौघांचं पथक आहे. गाणी लिहिणारे आणि बैठका घेणारे सर, निवृत्त शिक्षक. हलगी वाजवणारे दादा, एरवी ते गावोगाव प्रवासी नेणारी वडाप जीप चालवतात. मी गिटार वाजवते. आणि आक्का. आक्का निम्मं वर्ष नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि उरलेल्या दिवसांत आमच्याबरोबर गाते. तोडणी मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्याआधी, दसऱ्याच्या आसपास, आम्ही गावोगाव फिरतो. तळावर, म्हणजे मजुरांच्या मुक्कामावर, बायकांना आडोसा द्या, संडास द्या, आजारी बाईला कामावर आली नाही म्हणून दंड लावू नका. मागणं एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण एवढ्यावरूनही माणसं चिडतात.

आक्काचं स्वतःचं असं एकच गाणं आहे. तळावरच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, दार नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात ती उशाला कोयता घेऊन झोपायची. ते गाणं त्याचं आहे.

कोपीला दार न्हाई बाई, वारं येतं आत
वाऱ्यामागं कोन येतंय, जागी सारी रात

संथ गाणं. त्यात हलगी नाही. तिचा आवाज आणि माझी गिटार.

दुसऱ्या कडव्याला लाईट गेली. माझ्या हातात तेव्हा सॉलिड बॉडीची इलेक्ट्रिक गिटार होती, म्हणजे तारा लावलेली भरीव फळी. करंट आहे तोवर ती गिटार. करंट गेला की तिचा आवाज वाजवणाऱ्यालाच जेमतेम ऐकू येतो. बॅटरीचा स्पीकर का नव्हता, असं तुम्ही विचाराल. होता. पाराच्या कडेला ठेवला होता. अंधार झाला तसा कुणीतरी तो उचलून खाली फेकला, आणि तेव्हापासून तो नुसता खरखरतो. दादा उडी मारून वायर बघायला पळाले. शिट्ट्या सुरू झाल्या. देवळाच्या पत्र्यावर काहीतरी आदळलं, ते काय होतं हे आम्हाला कधीच कळलं नाही. आक्का थांबली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, तारा छेडत होते, आणि तिला ते ऐकू जात नव्हतं. तिला हाक मारावी हे मला सुचलंच नाही.

परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुमी समदी पळालात."

त्यानंतर तिने ते गाणं म्हटलं नाही. यंदा पावसाळा सरता सरता सरांनी विषय काढला. या वेळचा कार्यक्रम तिच्या स्वतःच्या गावात होता. तिच्या टोळीचा मुकादम, म्हणजे मजूर गोळा करून कारखान्यावर नेणारा माणूस, त्याच गावातला. आक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गाईन. पन लाईट गेली तरी तुजं वाजत राहू दे. लई मोठ्यांदा नको. तू हायेस एवढं मला कळलं पायजे."

मी हो म्हणाले.

मी चळवळीच्या पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागतात. मला अक्षरं लागली ती मथळ्यांवरून, त्यामुळे शाळेत मी प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह द्यायची. "घाबरू नका" हे शब्द मी किती वेळा वाचले असतील. पण घाबरलेल्या माणसाने हातांचं काय करायचं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं. त्या महिन्यात अनोळखी नंबरवरून फोन यायचे आणि पलीकडे कुणी बोलायचं नाही. एकदा बाजारात एक ओळखीचे गृहस्थ वडिलांना हसत हसत म्हणाले, "पोरगी लई गाती म्हनं तुमची. जपा." वडिलांनी घरी येऊन ते सांगितलं आणि पत्रकांच्या घड्या घालायला बसले.

साधी लाकडी गिटार मी पूर्वी वाजवायची. अंधारात ती उत्तम. पण तिच्यापुढे माईक धरला की सारखी शिट्टी, आणि माईक लांब केला की तिसऱ्या रांगेलाही ऐकू जात नाही. पेटी आमच्यात कुणाला येत नाही. म्हणून मला हवी होती पोकळ इलेक्ट्रिक गिटार, हॉलो बॉडी. करंट असेल तर स्पीकरमधून वाजेल आणि करंट गेला तर स्वतःच्या पोटातून वाजेल. व्हिडिओत पाहिली होती, हातात कधी धरली नव्हती.

नगरच्या एका वाद्यांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, दोन आहेत, येऊन बघा. आम्ही चौघंही गेलो, कारण आमच्यात कुठलीही वस्तू एकट्याने घ्यायची पद्धत नाही. दुकानदार एके काळी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वाजवता ताई तुम्ही?"

"आंदोलनाची गाणी."

"मग सरकारी परवानगी आहे ना? नाही, जप्त झाली तर मी परत घेणार नाही म्हणून विचारलं," असं म्हणून तो स्वतःच हसला.

त्याने दोन्ही गिटारी काउंटरवर ठेवल्या. दिसायला सारख्याच, फुगलेल्या पोटाच्या, आणि पोटावर दोन्ही बाजूंना इंग्रजी एफसारखी लांबट भोकं. एक होती तपकिरी, ऑर्केस्ट्रातल्याच कुणाची तरी जुनी. ती आतून पूर्ण रिकामी. दुसरी लाल, नवी, सेमी हॉलो. तिच्या पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा, फक्त कडा पोकळ. सरांनी मोबाईलचा टॉर्च लावून डॉक्टर घसा तपासतो तसं एकेका भोकात पाहिलं. दादांनी तपकिरीच्या पोटावर हलगीच्या बोटांनी टिचकी मारली.

"भोपळाच हाय की ह्यो."

"भोपळा नाही दादा, चाळीस वर्षांचं लाकूड आहे ते," दुकानदार दुखावला.

मी म्हणाले, "वायर लावू नका. पंखा बंद करा. लाईटही घालवा."

"ताई, गिटार बघायचीय का भूत बोलवायचंय?"

पण त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवे घालवले. आक्का माझ्यापासून दोन हातांवर डोळे मिटून उभी राहिली. ते नुसतं दुकान होतं, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, तरी अंधार झाल्याबरोबर माझी बोटं चुकीच्या तारांवर पडली. पुन्हा धरलं. आधी लाल वाजवली. मग तपकिरी.

"ती लाल पुटपुटती," आक्का म्हणाली. "ही बोलती."

दिवे लागल्यावर दुकानदार म्हणाला, "बोलते, पण ओरडतेही हां. पोकळ पोटाला स्पीकरचा आवाज सोसत नाही. तोच आवाज पुन्हा पोटात घुमतो आणि पुन्हा बाहेर येतो. स्पीकरच्या तोंडाशी नका उभ्या राहू." मग त्याने तिला छोटासा ॲम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, लावला आणि तो समोर ठेवून ती वाजवून दाखवली. काही ओरडली नाही. गोड वाजली. आम्ही माना डोलावल्या.

समोरच्या चहाच्या टपरीवर बैठक झाली. हो, बैठक. सरांनी विषय मांडला आणि स्वतःच विरोधात बोलले. "लाईट जाईलच असं नाही. स्पीकर मात्र असणारच. जे नक्की आहे त्यासाठी वस्तू घ्यावी. माझं मत सेमीला."

"सर, लाईट जानारच," दादा म्हणाले.

"कशावरून?"

"आपन गानार हावोत ना? मग जानारच."

आक्काने बशीतला चहा संपवला आणि तपकिरीसाठी हात वर केला. मी केला. दादांनी केला.

"माझा विरोध नोंदवा," सर म्हणाले, आणि चहाच्या पैशांसाठी खिशात हात घातला.

तालीम दादांच्या अंगणात होती. खरखरणारा स्पीकर बाद झाला होता, मंडपवाल्याकडे बॅटरीचा नव्हता, म्हणून त्याचा करंटवर चालणारा मोठा आणला होता. गेल्या वर्षीच्या धसक्याने आम्ही एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. स्पीकर पाराच्या कडेला ठेवायचा नाही. आमच्या पाठीशी, भिंतीला लावून ठेवायचा, म्हणजे कुणाचा हात पोचणार नाही. तसाच ठेवला. मी वायर जोडली.

पहिल्यांदा नुसती गुरगुर आली, कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त. मी तारांवर हात दाबला. गुरगुर वाढली. गिटारचं पोट माझ्या पोटाला चिकटून थरथरायला लागलं, आणि मग ती किंचाळली. पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. आक्का कानांवर हात ठेवून जमिनीवर बसली. दादांनी धावत जाऊन बटण बंद केलं, तरी ती किंकाळी माझ्या दातांत राहिली होती.

आक्का खालूनच म्हणाली, "ह्याच्यापरीस अंधार बरा."

कुणाचा हात पोचू नये म्हणून स्पीकर पाठीशी घेतला होता. अंधारात वाजावं म्हणून पोकळ पोट घेतलं होतं. दोन्ही निर्णय भीतीपोटी झाले होते आणि ते एकत्र ठेवले तर काय होईल, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. दुकानदाराने तर स्पष्ट सांगितलं होतं. सर चष्मा पुसत राहिले. "मी म्हणालो होतो" असं ते म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. स्पीकर पुढे न्यावा म्हटलं तर तो लोकांत जातो. गिटार बदलावी म्हटलं तर अंधारात मुकी होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आक्काला दिलेला शब्द सारखा आठवत होता.

सकाळी आईच्या जुन्या सुती पातळाच्या चिंध्या घेतल्या, दोन घट्ट बोळे वळले आणि ते दोन्ही भोकांत खोचले. दादांच्या अंगणात जाऊन पुन्हा वायर जोडली. किंकाळी गेली. पण वायर काढून वाजवली तर तिचं बोलणंही गेलं होतं. उशीखाली तोंड घालून कुणी हाक मारावी तसा आवाज. म्हणजे उजेड असेल तोवर बोळे आत आणि अंधार झाला की बाहेर. दुसरा मार्ग दिसेना. मी घरी डोळे मिटून सराव करायला लागले. बोळे उपस, तार धर, सूर लाव. वडील पत्रकांच्या घड्या घालत बसलेले असायचे. माझ्याकडे न बघता म्हणायचे, "अजून एकदा."

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा मुकादम पारासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मला तो चिडलेला चालला असता. पण तो हसत उठला, आम्हाला चहा मागवला, सरांना नमस्कार केला.

"मोकळ्यानं गा ताई. गाव तुमचंच हाय."

मग आक्काकडे वळून, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन म्हणाला, "तो न्हाई आला? त्याला तरी सांगितलंय ना तू काय गानार ते?"

आक्काने मान खाली घातली. तिने पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. चहाचा कप मला ओठांना लावता आला नाही. मी तो पाराच्या मागे ओतून दिला.

दिवेलागणीला सुरुवात केली. पुढे बायका, मागे पुरुष, कडेला मोटरसायकलींवर पोरं. पहिल्या दोन गाण्यांना हलगी होती, लोक रमले. मुकादमही मांडीवर ताल धरत होता. मग दादांनी हलगी खाली ठेवली आणि आक्का पुढे झाली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मी गाणं ऐकतच नव्हते, डोक्यावरच्या बल्बकडे बघत होते. गेल्या वर्षी दुसऱ्याला गेली होती. गेली नाही. मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या कडव्याच्या मधोमध लाईट गेली.

स्पीकर मेला आणि आक्काचा आवाज एकदम लहान झाला. पुढची ओळ आली नाही. मागून शिट्टी आली. कुणीतरी म्हणालं, "आता लाव की दार!" आणि हशा पिकला. दोन-तीन टॉर्च तिच्या तोंडावर आले. तिने डोळ्यांवर हात धरला. मी उजवा बोळा उपसला. डावा हाताला लागेना. लागला तेव्हा बोटांना घाम होता, आणि ओढायच्या ऐवजी मी त्याला आत ढकललं. तो पोटात पडला. इतक्या वेळा केलेला सराव, आणि बोळा आत. मला खरोखर वाटलं की आपण खाली बसावं, गिटार पुढे धरावी आणि हे सगळं संपेपर्यंत डोकं वर काढू नये.

मी तार छेडली. घोगरी वाजली, एका नाकपुडीने श्वास घेतल्यासारखी. पण वाजली. पुन्हा छेडली. तोच सूर, तोच, तोच. मला दुसरं काही वाजवता येत नव्हतं. एकच सूर धरून मी अंधारात उभी होते.

आक्काने डोळ्यांवरचा हात काढला. टॉर्च तोंडावर तसेच होते. ती माझ्याकडे वळली नाही, फक्त अर्धं पाऊल माझ्या बाजूला सरकली, इतकी की तिचा खांदा माझ्या दंडाला लागला. आणि तुटलेली ओळ तिने पहिल्यापासून उचलली. आवाज मोठा नव्हता. मागच्यांना ऐकू गेला असेल असं मला वाटत नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागे वळून ओरडली, "गप बसा रं मुडद्यांनो, ऐकू द्या." काही उठून गेले. बऱ्याच बायका बसून राहिल्या. गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी अंधारात नाक ओढलं, एवढंच.

थोड्या वेळाने लाईट आली. मुकादम त्याच खुर्चीत होता.

"करंटचा काय भरवसा न्हाई बगा ताई आपल्याकडं," तो मला म्हणाला.

जीपमध्ये बसल्यावर आक्काने गिटारच्या पोटाला हात लावला. "घसा बसला की गं हिचा."

"बोळा आत पडला आक्का."

"पडू दे. कळत हुतं मला." मग ती खिडकीबाहेर बघत बसली.

माझी भीती गेली असं मी लिहिणार नाही. फोन अजून येतात. आक्का आता तळावर आहे, दुसऱ्या टोळीबरोबर, कारण जुन्या टोळीत तिला जागा नाही असा निरोप आला. तिथे तिची काळजी कोण घेतं, मला माहीत नाही. हंगाम संपवून ती परत येईल आणि पुन्हा गाईल, असं म्हणून गेली आहे.

पण एक गोष्ट मला राहून राहून छळते. दुसऱ्या दिवशी दादा जाऊन बघून आले. लाईटचा बोर्ड देवळामागच्या खोलीत होता. दाराला कुलूप नाही, पहारा नाही, कुणीही जावं आणि खटका खाली करावा. गावातल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. आम्ही गिटार निवडली, पोकळ की भरीव यावर मतदान केलं, बोळे वळले. आम्ही चौघं, आणि चौघंही पारावर. त्या खटक्यापाशी उभं राहायला आमच्याकडे पाचवं माणूस नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात कुणी असं गायला आलं, तर टाळ्या नंतर वाजवा. वर्गणी, हार, चहा, काही नको. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लाईटचा बोर्ड कुठे आहे ते शोधा, त्याला पाठ लावा, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तिथून हलू नका.